रिकामी पेटी आणि टेहळ्या माश्या

मधपेटी करवून घेणे ही कोणत्याही कुशल सुताराच्या हातची गोष्ट आहे. तीत माश्या वसविणे मात्र सुताराच्या, आणि पुष्कळ अंशी पेटीच्या धन्याच्याही, हातचे नाही. मधुमक्षिकापालनाचा उद्योग ज्याला नव्याने आरंभावयाचा असतो, त्याच्यापुढे तीन मार्ग असतात. पहिला पैशाचा, एखाद्या जुन्या पालकाकडून नांदती वसाहत विकत घ्यावी. दुसरा श्रमाचा, आणि आमच्या सह्याद्रीच्या रानांतून अद्यापि चालू असलेला. झाडाच्या ढोलीत, दगडी बांधाच्या फटीत किंवा ओसाड वारुळात दडलेले मोहोळ हुडकून काढावे, बेताचा धूर द्यावा, पोळी एकेक करून अलगद कापून केळीच्या सोपटाने पेटीच्या चौकटींना बांधावी, आणि राणीला सांभाळून आत सोडावे, म्हणजे तिच्या गंधामागोमाग शेष प्रजाही पेटीत उतरते. तिसरा मार्ग दिसावयास सर्वांत आळशी आहे. रिकामी पेटी योग्य जागी, योग्य ऋतूत, योग्य तजविजीने ठेवावी आणि थवा आपल्या पायांनी, म्हणजे पंखांनी, तीत येईपर्यंत वाट पाहावी. या तिसऱ्या मार्गाविषयी येथे लिहावयाचे योजिले आहे. आणि ‘योग्य’ हा शब्द वर तीनदा आला असला, तरी त्याचा निर्णय पालकाच्या नव्हे, माशीच्या पसंतीने व्हावयाचा असतो, ही गोष्ट आरंभीच लक्षात ठेवलेली बरी.

प्रथम कोणती माशी, याचा खुलासा केला पाहिजे. महाराष्ट्रात आढळणाऱ्या माश्यांपैकी आग्या आणि फुलोरी या दोन्ही जाती उघड्यावर एकच पोळे टांगून राहतात. अंधारी कोठडी त्यांच्या स्वभावातच नाही. आंब्याच्या फांदीला लोंबणारा आग्याचा घोस पाहून जो त्याखाली पेटी मांडून बसेल, त्याला पेटी तर रिकामीच परत न्यावी लागेल, आणि प्रसंगी इस्पितळाचाही रस्ता धरावा लागेल. पोया ही नांगीहीन चिमुकली माशी पोकळीत राहते, पण तिचा संसार निराळ्या मापाचा आणि मधही थोडका. पेटीचा स्वीकार करणारी आमची देशी माशी म्हणजे सातेरी. ती अंधाऱ्या पोकळीत एकाशेजारी एक अशी समांतर पोळी बांधते. महाबळेश्वरला राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मध संचालनालय आहे, आणि त्याच तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली देशातील पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले, ते मुख्यतः हिच्याच जोरावर.

आता नांदत्या घरातून माश्या बाहेर पडतात तरी कशासाठी? रानात फुलोरा चढू लागला, परागाची आवक वाढली, पोळ्यांत पिलावळ मावेनाशी झाली आणि राणीचा गंध त्या गर्दीत सर्वांपर्यंत पुरेनासा झाला, म्हणजे कामकरी माश्या पोळ्याच्या खालच्या कडेला बोंडासारखी राणीघरे बांधू लागतात. त्यांतील अळ्यांवर मेणाचे झाकण बसण्याच्या सुमारास जुनी राणी निम्म्या किंवा त्याहूनही अधिक प्रजेसह घर सोडते. म्हणजे जुने घर मुलीला देऊन आई नव्या घराच्या शोधात निघते. वसाहत जोमदार असली तर पुढील काही दिवसांत कुमारी राण्यांसह आणखी लहान लहान थवे फुटतात. निघताना प्रत्येक कामकरी माशी पोट भरून मध घेते. पोळे, पिले, साठा असे रक्षण करावयाचे काही मागे उरलेले नसल्यामुळे असा लोंबता थवा सहसा डंख करीत नाही. परंतु ‘सहसा’ या शब्दावर विसंबून कोणी उघड्या हाताने त्याच्याशी सलगी करू नये.

थवा प्रथम जवळच्याच फांदीवर घोस करून बसतो. बघणाऱ्याला वाटते, बिचाऱ्या निराधार होऊन लटकल्या आहेत. वस्तुतः त्याच वेळी त्यांच्यापैकी शेकडा तीन ते पाच वयस्क, अनुभवी माश्या सभोवारचा कित्येक चौरस किलोमीटर मुलूख पिंजून काढीत असतात. हे गुपित मार्टिन लिंडाउअर या जर्मन शास्त्रज्ञाला १९४९ साली म्युनिक शहरी उमगले. मधमाशीच्या नाचाची भाषा उलगडणाऱ्या, आणि पुढे १९७३ साली नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरलेल्या कार्ल फोन फ्रिश यांचा तो शिष्य. घोसाच्या पृष्ठभागावर काही माश्या नाचत होत्या. पोळ्यावरचा नाच अन्नाची दिशा आणि अंतर सांगतो, हे त्याला ठाऊक होते. पण या नाचणाऱ्या माश्यांच्या अंगावर परागाचा कणही नव्हता. उलट त्या मळलेल्या होत्या; कोणी काजळीने काळी, कोणी विटांच्या भुकटीने तांबडी. महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या त्या शहरातील पडक्या भिंती आणि थंड पडलेली धुराडी त्या तपासून आल्या होत्या, आणि आपापल्या जागेचा पत्ता भाऊबंदांस सांगत होत्या. आरंभी नाच अनेक दिशांचे असत. काही तासांत, कधी काही दिवसांत, एकेक दिशा मागे पडे. आणि अखेरीस सर्व नाच एकाच जागेचे झाले, की थवा उठून नेमका तेथेच जाई. काही थोड्या थव्यांत मात्र एकमत झालेच नाही. त्यांतील एकाने शेवटी निरुपायाने उघड्यावरच पोळे बांधावयास घेतले.

पुढील प्रश्न असा, की या टेहळ्या माश्यांना पसंत काय पडते? त्याचे उत्तर अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या थॉमस सीली यांनी काढले, आणि ते काढण्याची त्यांची रीत इतकी सरळ आहे, की ती थोडी विस्ताराने सांगण्याचा मोह आवरत नाही. १९७०-७९ या दशकात त्यांनी आपले मार्गदर्शक रॉजर मोर्स यांच्यासह इथाका गावाच्या आसपासची, माश्या नांदत असलेली २१ झाडे तोडून त्यांच्या ढोल्या उभ्या चिरल्या आणि प्रत्येकीचे माप घेतले. तथापि माश्या जेथे राहतात ते त्यांना आवडलेले घर, की केवळ नशिबी आलेले, हे त्यावरून ठरत नाही. म्हणून त्यांनी लाकडाच्या पेट्या केल्या. दोन दोन पेट्या सर्व बाबतींत सारख्या, फक्त एका गुणात निराळ्या, अशा जोड्यांनी त्या रानात टांगल्या, आणि रानातले थवे कोणत्या पेटीत शिरतात याची नोंद ठेवली. सुमारे ४० लिटरची पेटी भरली. १० लिटरची किंवा १०० लिटरची तशीच पडून राहिली. जमिनीलगतच्या पेटीपेक्षा सुमारे ५ मीटर उंचीवरची त्यांना अधिक मानवली. दार लहान, १५ चौरस सेंटीमीटरांच्या आतबाहेर, आणि पोकळीच्या माथ्याशी नसून तळाशी असलेले बरे वाटले. पूर्वी एखाद्या वसाहतीने राहून सोडलेली, जुनी पोळी असलेली जागा नव्या कोऱ्या जागेहून सरस ठरली. फटींतून आत शिरणारा वारा किंवा पोकळीचा आकार यांविषयी मात्र त्या फारशा चोखंदळ नव्हत्या. फटी स्वतः बुजविता येतात, छत उंच करता येत नाही, हे माशीला कळते असे म्हणावयास हरकत नाही.

अंधारात शिरलेली माशी खोलीचे माप घेते तरी कसे, हे जवळून पाहण्यासारखे आहे. अमेरिकेच्या मेन राज्याच्या किनाऱ्यालगत ॲपलडोर नावाचे जवळजवळ वृक्षहीन बेट आहे. तेथे मधमाश्याही नाहीत आणि ढोल्याही नाहीत, त्यामुळे प्रयोगासाठी नेलेल्या थव्याला सीलींच्या पेटीवाचून अन्यत्र पाहावयास जागाच नव्हती. टेहळी माशी प्रथम पेटीच्या भोवती घिरट्या घालते, दाराशी उतरते, आत जाते, मिनिटाभराने बाहेर येते, पेटीच्या पाठीमागून फेरी मारते, पुन्हा आत जाते. सोयरीक पाहावयास आलेल्या वडीलधाऱ्या मंडळींनी परसापासून माजघरापर्यंत सर्व काही नजरेखालून घालावे, तशी ही पाहणी पाऊण तासापर्यंत चालते. आत ती भिंतींवरून चालते, मधून लहानशी झेप घेऊन दुसऱ्या भिंतीला जाते, पुन्हा दारापाशी येऊन बाहेर जाते. सीलींनी एक गोल डबा असा केला, की त्याची भिंत बाहेरून फिरविता यावी. माशी चालत असताना भिंत तिच्या चालीच्या उलट फिरविली, की तिला तेवढेच अंतर अधिक चालावे लागे आणि ती त्या डब्याला मोठा समजे. चालीच्या दिशेने फिरविली, की लहान समजे. म्हणजे पावलांनी घेतलेल्या मोजणीचा तिच्या निर्णयात वाटा असतो.

पाहणी झाल्यावर ती घोसावर परतून नाचते, आणि येथे एक मार्मिक व्यवस्था दृष्टीस पडते. जागा उत्तम असली तर ती पुष्कळ फेरे नाचते, सामान्य असली तर थोडे. परंतु जागा कितीही उत्तम असो, प्रत्येक खेपेगणिक तिचा नाच कमी कमी होत जाऊन शेवटी थांबतो. आपलाच हेका चालविणारी टेहळी माशी यामुळे संभवतच नाही. नव्याने जाणाऱ्या माश्या कोणाच्या सांगण्यावर विसंबून मत देत नाहीत. स्वतः जाऊन जागा पाहतात आणि मगच नाचतात. प्रतिपक्षाच्या नर्तकीला डोक्याने ढुसणी देऊन थांबविण्याचा एक संकेतही त्यांच्यात आहे, असे २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवून देण्यात आले. एखाद्या जागी वीस-तीस टेहळ्या एकाच वेळी जमल्या, की निर्णय पक्का होतो. मग घोसात परतलेल्या माश्या बारीक शीळ घातल्यासारखा स्वर काढतात, सर्व माश्या पंखांचे स्नायू हलवून अंग ३५ अंश सेल्सियसपर्यंत तापवितात, आणि मिनिटाभरात हजारो माश्यांचा तो घोस हवेत विरघळून जातो. वाट फक्त टेहळ्यांनाच ठाऊक असते. त्या थव्याच्या वरच्या थरातून बाणासारख्या पुढे सुटून इतरांस दिशा दाखवितात.

इतके समजल्यावर रिकाम्या पेटीची सिद्धता करणे सोपे होते. मात्र परदेशी नियम जसेच्या तसे उचलणे योग्य नव्हे. सीलींच्या माश्या युरोपीय. आमची सातेरी अंगाने लहान, तिच्या वसाहतीही लहान, त्यामुळे ४० लिटरच्या पेटीचे तिला प्रयोजन नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी फादर न्यूटन या धर्मोपदेशकाने दक्षिण हिंदुस्थानात देशी माशीच्या मापाची जी लहान पेटी बनविली, तिचा शिशुकक्ष, म्हणजे पिलांचा खालचा खण, तेवढा लावला तरी पुरे. मधकोठी, म्हणजे मधाचा वरचा खण, मागाहून चढवावी. थंड देशात दाराला ऊन लागावे म्हणून ते दक्षिणेकडे करितात. आमच्याकडे भर उन्हात ठेवलेल्या पेटीत मेण मऊ पडून पोळी गळतात, म्हणून पानांची सावली हवी, आणि कोकणात व घाटमाथ्यावर नैर्ऋत्येच्या पावसाची झड दारात शिरू नये एवढी दक्षता हवी. उंचीच्या बाबतीत मात्र माशीच्या पसंतीला मुरड घालावी. मधासाठी कोणी पंधरा फुटांवरून पडून हाडे मोडून घेऊ नयेत. आठ-दहा फुटांवरचा भक्कम दुबेळका किंवा घराच्या वळचणीचा कट्टा चालतो. दार सातेरीच्या मानाने अरुंद असावे, म्हणजे गांधीलमाशीला आत शिरता येत नाही. पेटी जुनी, वापरलेली असल्यास उत्तम. ताज्या रंगाचा किंवा प्लायवुडच्या गोंदाचा दर्प येत असेल, तर ती काही महिने उघड्या हवेत ठेवून मगच मांडावी. चार पेट्या असल्या, तर त्या एकाच झाडाखाली न ठेवता निरनिराळ्या जागी, ढोल्या असलेल्या जुन्या झाडांच्या किंवा पाणवठ्याच्या आसपास विखरून ठेवाव्यात.

गंधाचा विषय येथे ओघाने येतो, आणि तो बराच जुना आहे. रोमन कवी व्हर्जिल याने आपल्या ‘जॉर्जिक्स’ या कृषिकाव्याच्या चौथ्या सर्गात, थवा उतरावा म्हणून त्या जागी मेलिसा नावाची वनस्पती चुरडून चोळावी आणि झांजा वाजवाव्यात, अशी युक्ती सांगितली आहे. झांजांचा उपयोग होतो याला काही आधार नाही. मेलिसाचा मात्र होतो. कारण तिच्या तेलात सिट्रल हे लिंबाच्या वासाचे द्रव्य आहे, आणि युरोपीय माशीच्या पोटाच्या टोकाशी असलेल्या नासोनोव ग्रंथीतून, घराची वाट दाखविण्यासाठी, जो गंध स्रवतो त्यातही तेच आहे. नव्या घराच्या दाराशी पोहोचलेल्या टेहळ्या शेपटी वर करून पंखांनी हा गंध मागे ढकलतात, तेव्हाच बाकीच्यांना दार सापडते. आपल्या परसातल्या गवती चहाच्या तेलात सिट्रल भरपूर असते. म्हणून कापसाच्या बोळ्यावर त्याचे दोन-तीन थेंब घालून तो पेटीच्या आतल्या बाजूस ठेवण्याची चाल देशोदेशी पडली आहे. यात गैर काही नाही, पण अतिरेक नको. वास टेहळीला दारापर्यंत आणील. आतली जागा अपुरी, ओली किंवा मुंग्यांनी भरलेली असेल, तर ती वासाला भुलून शिक्कामोर्तब करणार नाही. माझ्या मते सातेरीसाठी त्याहून खात्रीचे द्रव्य म्हणजे सातेरीचेच मेण. ते वितळवून चौकटींच्या वरच्या पट्टीला आणि आतल्या भिंतींना पातळ चोळावे. युरोपीय पालक झाडाची राळ गोळा करून माश्यांनी केलेला डिंकही आत फासतात. सातेरी मुळात तो वापरीतच नाही, तेव्हा त्याची उठाठेव व्यर्थ.

जपानात याहून चमत्कारिक साधन आहे. तेथील देशी माशी ही आमच्या सातेरीचीच सजातीय. वसंतात जपानी पालक रिकाम्या पेटीजवळ किन्र्योहेन नावाच्या ऑर्किडची कुंडी मांडून ठेवितात. फुलण्याच्या काळात एखादा थवाच्या थवा त्या कुंडीवर येऊन लोंबतो. फुलात मध नाही. मग आकर्षण कसले? जपानी माश्यांच्या जबड्याशी असलेल्या ग्रंथींत जी दोन आम्ले असतात, त्यांचेच मिश्रण हे फूल हवेत सोडते, असे २०१३ साली जपानी संशोधकांनी प्रसिद्ध केले. वनस्पतीचा हेतू परागसिंचनाचा, माशीची समजूत आप्तजनांची, आणि लाभ मात्र पेटीच्या धन्याचा.

ज्यांना एवढा खटाटोप नको, त्यांनी हिमालयाकडे पाहावे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात काश्मिरात गेलेल्या विल्यम मूरक्रॉफ्टने तेथील घरांच्या भिंतींत बसविलेल्या माश्यांच्या कोठ्यांचे वर्णन करून ठेविले आहे. भिंत बांधतानाच तीत एक पोकळी ठेवावयाची. बाहेरच्या अंगाला माश्यांपुरते भोक, आतल्या अंगाला घरधन्याने उघडावयाचे झाकण. हिमाचल आणि उत्तराखंडातही ही वहिवाट आहे. कोठी ओस पडली, तर पुढल्या वसंतात एखादा रानथवा तीत येऊन राहतो. आणि पेटीत न मावणाऱ्या आग्यासाठीही माणसाने एक तोड काढलीच आहे. व्हिएतनामच्या दक्षिण टोकाकडील मेलालूका वृक्षांच्या दलदलीत लोक जंगलात तिरप्या वाशांची मांडणी करून ठेवितात, आणि ऋतूबरोबर स्थलांतर करणाऱ्या आग्या माश्या त्या वाशाला झाडाची फांदी मानून खाली पोळे लावितात.

दुसऱ्याच्या पेटीतून फुटलेला थवा आपल्या रिकाम्या पेटीत आला, तर मालकी कोणाची, हा प्रश्न आपल्याकडे चावडीवर मिटत असेल; युरोपात तो कायद्याच्या ग्रंथांत गेला. इ. स. ५३३ मध्ये जस्टिनियन बादशहाने प्रसिद्ध केलेल्या ‘इन्स्टिट्यूट्स’ या विधिग्रंथात असे ठरविले आहे, की माश्या स्वभावतः वन्य होत. पोळ्यातून उडालेला थवा नजरेच्या टप्प्यात आहे आणि त्याचा पाठलाग अवघड नाही तोवरच तो मूळ धन्याचा. त्यानंतर जो कबजा घेईल त्याचा. १ जानेवारी १९०० पासून अंमलात आलेल्या जर्मन दिवाणी संहितेत तर ९६१ ते ९६४ अशी चार कलमे केवळ थव्यांसाठी राखून ठेविली आहेत. धनी थव्यामागे परक्याच्या जमिनीतही जाऊ शकतो. थवा दुसऱ्याच्या रिकाम्या पेटीत शिरला असेल, तर ती पेटी उघडण्याचा, प्रसंगी पोळी कापून नेण्याचाही अधिकार त्याला आहे. नुकसान झाल्यास भरपाई त्यानेच द्यावयाची. मात्र पाठलाग ताबडतोब केला नाही, किंवा मध्येच सोडून दिला, तर थवा बेवारस ठरतो. पाठलाग करताना ताटे-झांजा बडविण्याची जी जुनी प्रथा होती, तिचा खरा उपयोग गावाला आपला दावा जाहीर करण्याचा असावा, असे पुष्कळांचे म्हणणे आहे, आणि मला ते पटते.

पेटीभोवती दोन-चार माश्या घोटाळू लागल्या, म्हणजे त्या टेहळ्याच आहेत असे गृहीत धरू नये. आत जुनी पोळी असतील आणि त्यांत मधाचा अंश उरला असेल, तर त्या लुटारू असण्याचा संभव अधिक. टेहळी शांतपणे आत-बाहेर करते, पेटीची पाठ पाहते आणि दिवसागणिक तिची संख्या वाढते. एखाद्या दुपारी त्या एकाएकी नाहीशा झाल्या, तर निराश होण्याआधी तासभर थांबावे. त्या थवा आणावयास गेलेल्या असू शकतात, किंवा दुसरी जागा मंजूर झाली असेल. थवा शिरल्यावर कामकऱ्यांच्या पायांवर परागाचे गोळे दिसू लागले, की बहुधा आत पिलावळीची तयारी चालू झाली असे समजावे.

सातेरीचा एक दोष पालकाने ओळखून असावे; ती घर सोडावयास फारशी कचरत नाही. मुंग्या लागल्या, मेणकिड्याने पोळी पोखरली, रानात फुले संपली किंवा धन्याने रोज झाकण उघडून पाहण्याचा चाळा लावून घेतला, की ती एके दिवशी सर्व लवाजम्यासह निघून जाते. म्हणून पहिले आठ-दहा दिवस पेटीला विनाकारण हात लावू नये. पेटी दुसरीकडे न्यावयाची असल्यास थवा आला त्याच दिवशी काळोख पडल्यावर न्यावी. नव्या घराची खूण त्यांच्या मनात पक्की होण्यापूर्वी हलविणे सुलभ असते. कट्ट्याच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात, फुले बेताची असतील तर साखरेचा पाक द्यावा, आणि दुसरी निरोगी वसाहत हाताशी असेल तर तीतील अंडी-अळ्या असलेली एक चौकट आत घालावी. पिले सोडून जाणे सातेरीच्या जिवावर येते.

‘निरोगी’ या शब्दावर जोर देण्याचे कारण आहे. १९९१-९२ च्या सुमारास थाई सॅकब्रूड या विषाणुजन्य रोगाने दक्षिण भारतातील सातेरीच्या अगणित वसाहती धुळीस मिळविल्या. जुन्या पोळ्यांचा वास थव्याला ओढतो हे खरे, पण ती पोळी कोणत्या वसाहतीची आणि ती वसाहत का संपली, हे ठाऊक नसेल, तर ती पेटीत न ठेवता वितळवून टाकावीत आणि केवळ मेण चोळावे. पेटी मांडल्यावर दर आठवड्याला डोकावून कोळ्याची जाळी, झुरळे आणि मुंग्यांची वारुळे काढावीत. फुलोऱ्याचा हंगाम सरला आणि तरीही ती रिकामीच राहिली, तर पावसाळ्यापूर्वी खाली उतरवून, आतील मेण खरवडून, कडकडीत उन्हात वाळवून कोरड्या जागी ठेवावी, आणि पुढल्या वर्षी दुसऱ्या झाडावर लावावी.